तीन बाजूंची दांडी

मनोहर निकुरेला मी कधी 'ते' म्हटलं नाही, आणि आता लिहितानाही म्हणणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं म्हणतात. पण हा गेला की आहे हेच मला माहीत नाही, त्यामुळे ती अडचणही उरलेली नाही. नागभीडमध्ये लोक त्याला मास्टर म्हणायचे. शाळेतला नव्हे, बँडमधला नव्हे. कराटेच्या पेटीचा मास्टर.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. स्टेशन रोडला टिनाच्या दुकानांची एक ओळ होती, तिच्यात माझं शिलाईचं दुकान. आयटीआयमधून शिवणकाम शिकून आलेली, लग्नाला नाही नाही म्हणत बसलेली आणि तोंडानं फटकळ अशी मी तिथं दिवसभर ब्लाउज शिवायची. शेजारचा गाळा बरेच दिवस रिकामा होता. एके सकाळी नागपूरहून आलेल्या मेटाडोरमधून कपाटाएवढी एक पेटी उतरली. चार गड्यांनी ती उचलून आत नेली, आणि त्यांच्यापुढं हात हलवत, "हळू, हळू, देव हाये त्यात!" असं ओरडत जो माणूस उलटा चालत होता तो हा मनोहर. पेटीला त्यानं स्वतः बोटसुद्धा लावलं नाही. त्याच दिवशी मी ओळखलं की हे पाणी कुठं मुरणार.

पेटी म्हणजे नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम. वर टीव्हीसारखी काच. काचेवर दोन कराटेवाले समोरासमोर उभे, एक पांढऱ्या कपड्यांतला आणि एक लाल. प्रत्येकाच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी. मार बसला की पट्टी आखूड व्हायची, आणि ज्याची पट्टी आधी संपली तो आडवा. काचेच्या पायथ्याशी डाव्या बाजूला एक दांडी आणि दोन बटणं, उजव्या बाजूलाही तसंच. एकटा माणूस आला तर पेटीच त्याच्याशी लढायची, दोघं आले तर एकमेकांशी. आमच्या भागानं बैलांचे पट पाहिले होते, कोंबड्यांच्या झुंजी पाहिल्या होत्या. पण बोटांनी माणसं लढवायची हे नवीनच होतं. गर्दी झाली यात नवल नाही.

दुसरा कुणी असता तर दार उघडून, खुर्ची टाकून बसला असता. नाणं टाका, खेळा, घरी जा. पण मनोहरला दुकान चालवायचं नव्हतं, त्याला गुरुकुल चालवायचं होतं. आत येताना चपला बाहेर. आत आल्यावर पेटीला नमस्कार. आणि कमरेला काळा पट्टा बांधलेला हा महापुरुष स्टुलावर. तो पट्टा म्हणजे कराटेतला ब्लॅक बेल्ट, जो नागपुरात कुठल्याशा उस्तादानं खुश होऊन दिला, असं तो छाती फुगवून सांगायचा. तो पट्टा मी शिवला होता. परकराच्या काळ्या कापडाचा, आत दुहेरी अस्तर घालून. "पक्का शिवजा बाई, लढाईचं काम हाये," असं मला सांगून गेला होता. मी ही गोष्ट रोडवरच्या झाडून सगळ्यांना सांगितली. लोक हसले, आणि संध्याकाळी पुन्हा चपला काढून आत गेले. लोकांना मास्टर हवाच असतो.

नवीन माणसाला पेटीला हात लावू दिला जात नसे. आधी त्याला पाटावर बसावं लागे, पाटावर म्हणजे पाट मांडीवर घेऊन. हा पाट मनोहरनं सुताराकडून मुद्दाम करून घेतला होता. मधे भोक, भोकात जुन्या छत्रीची दांडी सैल बसवलेली, आणि बाजूला सोड्याच्या बाटलीची दोन बुचं ठोकलेली, एक लाल रंगवलेलं, एक पिवळं. त्या मुक्या पाटावर निदान आठवडाभर बोटं घासली की मग खरी पेटी. तोवर रोज पाठांतर. पत्र्याच्या पलीकडून ते मला दिवसभर ऐकू यायचं, इतकं की शिलाई मशीनचं पायडल त्या तालावर चालायला लागलं होतं.

"दांडीले बाजू किती?"

"तीन जी!"

"कोनत्या?"

"वर, खाली, समोर!"

"वर केली तं?"

"गडी उडी मारते!"

"खाली केली तं?"

"गडी बसते!"

"समोर केली तं?"

"गडी दुश्मनाच्या अंगावर जाते!"

"आन् बटना?"

"लाल मुक्का, पिवळी लाथ!"

वर आणि पिवळं एकत्र म्हणजे उडती लाथ. खाली आणि पिवळं म्हणजे पायात पाय घालून पाडणं. हे सगळं बरोबर होतं, हे मी नाकारत नाही. पण कुठल्याही दांडीला समोर असेल तर मागं असणारच, हे कळायला कराटे यावं लागत नाही. मी सुद्धा एकदा विचारलं, "मास्टर, चौथी बाजू कुठी गेली?" तर म्हणाला, "बाई, मर्दाच्या दांडीले तीनच बाजू असते. तुमी ब्लाउज शिवा."

पाटावर त्यानं त्याची सोय करून ठेवली होती. भोकाच्या डाव्या अंगाला, दांडीला लागून, एक जाड खिळा ठोकलेला. डाव्या दांडीवर उभ्या खेळाडूला मागं म्हणजे डावीकडं. त्या खिळ्यामुळे दांडी तिकडं जायचीच नाही. आठवडाभर त्या पाटावर शिकलेला हात खऱ्या पेटीवर गेला तरी मागं जायचं विसरून जाई. आणि एखाद्याचा गेलाच, तर बोटांवर सप्पकन फूटपट्टी बसायची. ती फूटपट्टी माझी होती. शिसवी लाकडाची, माझ्या बापानं मला घेऊन दिलेली. 'जरा माप पाहतो' म्हणून मागून नेली ती कधी परत आली नाही. पत्र्यापलीकडून तिचा आवाज आला की माझ्या हातातली कात्री थांबायची.

"मांगं ओढाचं नाई! समोर! समोरच जा! मार खाल्ला तं समोर खा!"

आणि लोक मार खायचे. दुसऱ्या, फार तर तिसऱ्या गड्यापुढं त्यांचा पांढरा कराटेवाला आडवा पडायचा. हरलेल्याकडं मास्टर अशा नजरेनं पाहायचा की त्या बिचाऱ्याला स्वतःच्या जन्माची लाज वाटावी. "खेळ तुमच्या रक्तात नाई," म्हणायचा. स्वतः मात्र कधी खेळायचा नाही. कुणी आग्रह केला तर ठरलेलं वाक्य होतं, "मास्टर खेळत नसते, शिकवत असते." हे वाक्य तो अशा थाटात बोलायचा की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी. मी मान डोलवली नाही. म्हटलं, आडातच नसेल, पोहऱ्यात कुठून येणार?

मला त्याचा इतका राग का यायचा ते सांगायला पाहिजे. माझा बाप अंगठेबहाद्दर होता. आमच्या वस्तीतल्या विहारात एक गुरुजी संध्याकाळी मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायचे. बाप धानाच्या बांधीतून निघायचा तो चिखलाच्या पायांनी तसाच तिथं जाऊन बसायचा. पाटीवर अक्षर उलटं निघालं तर गुरुजी हसायचे नाहीत, मारायचे नाहीत, बापाचं जाडजूड बोट आपल्या हातात धरून पुन्हा फिरवायचे. बापानं त्या गुरुजींचं नाव मरेपर्यंत चप्पल काढूनच घेतलं. आमच्या घरात शिकवण्याहून मोठं काम नव्हतं. आणि हा मनुष्य त्याच कामाचं सोंग आणून, माझ्याच बापाच्या फूटपट्टीनं लोकांची बोटं फोडत होता.

मागं ओढण्याशी त्याचं काय वैर होतं, ते मला डोमाजीभाऊंनी सांगितलं. डोमाजीभाऊंचं सायकल दुरुस्तीचं दुकान आमच्या समोर. तोंडात दात दोन-तीनच, पण गोष्टी सगळ्या शाबूत. पटाचे शौकीन. दिवाळीनंतर धान निघालं की आमच्याकडं गावोगाव शंकरपट भरतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि डोमाजीभाऊ एकही चुकवायचे नाहीत.

"याच्या बापाची जोड होती बाई," ते चिमटीत तंबाखू मळत म्हणाले, "पांढरी शुभ्र. दोन तालुक्यात तशी जोड नोहती. बाप पडला बिमार, तं पटाले हा उभा राह्यला छकड्यावर. जोड निंगाली वाऱ्यावानी. दुसरी जोड पार मांगं. आन् मधातच यानं कासरा ओढला!"

"काऊन?"

"तेच तं! बैल उभे. हा उभा. लोकं पाहूनच राह्यले. इचारलं, काऊन ओढला रे? तं म्हणते, लय जोरात पळून राह्यले होते!"

डोमाजीभाऊंना इतकं हसू आलं की तंबाखू सांडली. बापानं ती जोड विकून टाकली आणि पोराशी बोलणं सोडलं. पोराचं नाव पडलं कासरा. बाजारात कासरा, लग्नात कासरा, मयतीतसुद्धा कासरा. त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेले तिथंही हे नाव आधी पोचलेलं असायचं. मनोहर नागपूरला निघून गेला तो या नावापासून. आणि पेटी घेऊन परतला तो मास्टर होऊन. पेटी नागपूरच्या एका शेटची होती. मनोहरची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू त्या दुकानात होती, ती म्हणजे मास्टर हे नाव. ते गेलं तर मागं काय उरणार होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्यालाही.

हे ऐकून मला दया यायला हवी होती. आली नाही. म्हटलं, स्वतःचा कासरा चुकला म्हणून जगाच्या हातातले कासरे कापायचे, हा कुठला न्याय?

आमच्या दोन दुकानांमधल्या पत्र्याला एक भोक होतं, जुन्या बोल्टचं. एकदा दुपारी रोड सामसूम होता. मास्टरनं दार आतून लावून घेतलेलं, जेवून झोपला असेल असं मी समजत होते. तेवढ्यात पेटीचे आवाज यायला लागले. धाड, धाड, आणि मधेच एक वेगळाच, बोथट आवाज, जो मी इतक्या महिन्यांत कधी ऐकला नव्हता. मी उठून भोकाला डोळा लावला.

मास्टर खेळत होता. पट्टा काढून खुंटीला टांगलेला, बनियनवर, एकटाच. आणि त्याची दांडी मागं होती! लाल गडी लाथ मारायला यायचा, मास्टर दांडी मागं धरायचा, आणि त्याचा पांढरा गडी दोन्ही हात तोंडापुढं आडवे घेऊन उभा राहायचा. लाथ हातांवर बसायची, बोथट आवाज यायचा, पट्टी जशीच्या तशी. दुश्मन तोल सावरतोय तोवर मास्टर समोर येऊन एक मुक्का हाणायचा, आणि पुन्हा मागं. घाई नाही, घाम नाही. एकेक गडी येत होता आणि पडत होता. त्या पेटीत इतके गडी आहेत हेच गावाला माहीत नव्हतं. शेवटी काचेवर फुलं उधळली गेली, काही अक्षरं नाचली. मास्टरनं तिकडं पाहिलंही नाही. शर्ट चढवला, पट्टा बांधला, दार उघडलं, आणि स्टुलावर जाऊन बसला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असे पुष्कळ पाहिले आहेत. हा त्यांच्याहून पलीकडचा. हा स्वतः ओला होता आणि लोकांना कोरडं ठेवत होता.

मी सरळ गेले आणि म्हटलं, "मास्टर, तुमी तं मांगं ओढून खेळता. मंग लोकायले काऊन मारता?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभरच. मग म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात डोकावनं चांगल्या बाईचं काम नाई."

एवढंच. मी चहाच्या टपरीवर सांगितलं, पाण्याच्या नळावर सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. बाईला खेळातलं काय कळतं, म्हणाले. माझा समज झाला की हे सगळं नाण्यांसाठी चाललंय. लोक हरत राहिले की नाणी पडत राहणार. असा क्षुद्र हिशेब असेल तर तो मला समजू शकत होता.

मग आला सुखदेव. तलावावर मासेमारी करणारा ढीवर, सकाळी मासोळी विकून झाली की येऊन बसायचा. तोंडाळ, बढाईखोर, मिशीला पीळ देणारा. गरीब बापुडा वगैरे मुळीच नाही. बायको त्याला शोधत शोधत दुकानापर्यंत यायची आणि रोडवरूनच त्याचा उद्धार करायची. पाटावरचा आठवडा त्यानं कुरकुरत काढला. पण पेटीवर उभा राहिल्यावर चौथ्या-पाचव्या खेळातच त्याचा हात आपोआप मागं गेला, आणि पांढऱ्या गड्यानं हात आडवे घेतले. लाथ फुकट गेली.

"आरेच्या!" सुखदेव ओरडला. "मास्टर, पाह्यलं का? मांगं ओढलं का मार बसत नाई!"

सप्प! फूटपट्टी बसली.

"काऊन मारता जी?" सुखदेवनं हात काढलाच नाही. "आमी जाळं फेकतो तं मांगं ओढाच लागते. निस्तं समोर फेकत राह्यलो तं मासोळी काय तुमचा बाप देईन?"

बाप हा शब्द निघाला आणि मास्टरचा तोल गेला. त्यानं सुखदेवची कॉलर धरून त्याला बाहेर ढकललं, त्याच्या चपला रोडवर भिरकावल्या, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भित्र्या मानसाले माझ्या पेटीवर जागा नाई. जा, मासोळ्याच मार!" आत उभे होते ते सगळे सुखदेवला हसले. ज्यांची बोटं सुजलेली होती तेच हसले. नाण्यांचा हिशेब असता तर रोजचं गिऱ्हाईक कुणी असं हाकललं असतं का? तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, पण मी रागातच होते.

सुखदेव रोडवर उभा राहून चपला झटकत म्हणाला, "मंडईत भेटू, मास्टर."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्राच. दिवसा दुकानं, पाळणे, सोयरेधायरे, संध्याकाळनंतर नाटक. त्या वर्षी मास्टरनं ठरवलं की माझ्या बहिणीच्या गावच्या मंडईत पेटी न्यायची. तणसाच्या गादीवर निजवून बैलगाडीतून पेटी निघाली तेव्हा तो गाडीपुढं छाती काढून चालत होता. मंडईत नाटकवाल्यांच्या जनरेटरवरून तार ओढली, मांडवाच्या कडेला पेटी उभी केली, आणि कर्ण्यातून स्वतःच पुकारा केला, "शिका! लढा! मास्टरच्या हातची विद्या!" मी बहिणीकडं आलेलीच होते. डोमाजीभाऊ तर पटासाठी येणारच होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा सुखदेव आला. मधल्या काळात तो गाडीनं नागपूरला जाऊन तिथल्या पेट्यांवर हात साफ करून आला होता, आणि हे सगळ्या मंडईला सांगत आला होता. त्यामुळे त्याच्यामागं चांगला पन्नास-साठांचा घोळका.

"मास्टर, या," तो उजव्या दांडीला जाऊन उभा राहिला. "मी इकून, तुमी तिकून."

"मास्टर खेळत नसते, शिकवत..."

"आज तं खेळाच लागते, मनोहर!" डोमाजीभाऊ गर्दीतून म्हणाले. "एवढी दुनिया आली हाये."

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. सोयरे होते, त्याच्या गावचे होते, त्याला मुलगी नाकारलेल्या घरचेही असतील. आता नाही म्हणणं म्हणजे नाव सोडणंच होतं. त्यानं पट्टा आवळला आणि डावी दांडी धरली. माझी फूटपट्टी बगलेत तशीच होती.

तीन कुस्त्यांतली पहिली बघवली नाही. मास्टर आपल्याच शिकवणीप्रमाणे समोर, समोर, नुसता समोर जात राहिला आणि सुखदेव दांडी मागं धरून एकेक मार अडवत, एकेक मुक्का हाणत राहिला. पांढरा गडी धाडकन पडला. लोकांत कुजबुज. मास्टरच्या मानेवरून घाम ओघळत होता.

दुसरी सुरू झाली. अर्धी पट्टी गेली. तेव्हा सुखदेवच म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, "मास्टर, मांगं ओढा ना जी. येते तुमाले, बाईनं पाह्यलं हाये. आवरा."

मी मास्टरच्या हाताकडं पाहत होते. तो हात मागं गेला.

बोथट आवाज आला. पट्टी जशीच्या तशी. पुन्हा लाथ, पुन्हा बोथट आवाज, आणि लगेच मुक्का. मग त्या भोकातून मी जे पाहिलं होतं ते सगळ्या मंडईनं पाहिलं. सुखदेवची पट्टी झरझर आखूड व्हायला लागली. तो ओठ चावून खेळत होता, पण त्याला काही सुचत नव्हतं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "कसा खेळून राह्यला माय!" आणि खरं सांगते, माझ्या तोंडूनही 'वा' निघालं. इतके महिने त्याचा तिरस्कार केला, पण तो हात सुंदर होता. सुखदेवची पट्टी बोटभर उरली.

तेवढ्यात डोमाजीभाऊ आनंदानं टाळी वाजवून ओरडले, "ओढला रे! कासरा ओढला!"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते त्याच्या बाजूनंच ओरडले होते, त्यांना शाबासकीच द्यायची होती. पण तो शब्द गर्दीत पडला आणि कुणीतरी फिदकन हसलं. मग दुसरं. "कासरा! कासरा ओढला!" पोरंटोरं, म्हातारे, सगळे.

मास्टरचा हात थांबला. त्यानं दांडी सोडली नाही. त्यानं ती पुढं केली. समोर केली आणि तशीच दाबून धरली, दुसरं काहीच केलं नाही. पांढरा गडी हात खाली सोडून चालत चालत सुखदेवच्या लाथांवर गेला, एक, दुसरी, तिसरी. सुखदेव ओरडत होता, "काऊन गा? काऊन असं करता?" आणि मारतही होता, कारण बोटं थांबेनात. पांढरा गडी पडला.

मास्टर वळला. मला वाटलं, आता तरी काही खरं बोलेल. तो म्हणाला, "पेटी खराब झाली हाये. दांडी अटकून राह्यली." नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणीतरी म्हणालंच. पण ते खरं नव्हतं. त्याला नाचता येत होतं. म्हणूनच मला जास्त चीड आली.

त्या संध्याकाळी मला कळलं की नाण्यांचा हिशेब नव्हताच. लोकांना हरवण्यात त्याला रस नव्हता. मागं ओढताना कुणी दिसू नये एवढंच त्याला हवं होतं. आपण तर नाहीच, पण आपल्या दुकानात कुणीच नाही. यात कुणाला त्याचं दुःख दिसत असेल तर दिसो. मला दिसलं ते एवढंच, की आणखी दहा मुक्क्यांत त्या माणसानं शेकडो लोकांसमोर आपल्या बापाच्या जोडीचं उट्टं काढलं असतं, मागं ओढणं ही सुद्धा विद्या आहे हे सगळ्यांना शिकवलं असतं. खऱ्या अर्थानं मास्टर झाला असता. तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती. पटावर तो घाबरून मागं आला होता, आणि मंडईत घाबरून पुढं गेला.

नंतर दुकान काही दिवस चाललं. मास्टर पुन्हा स्टुलावर बसायला लागला, पाठांतरही सुरू केलं, पण "दांडीले बाजू किती?" म्हटलं की मागून कुणीतरी "चार!" म्हणायचं. सुखदेव दाराशी उभा राहून येईल त्याला फुकट शिकवायचा. मास्टर त्याला हाकलत नव्हता. माझ्याकडं तर बघायचंच सोडलं होतं. होळीच्या आधी शेटचा माणूस आला आणि पेटी वडसाला घेऊन गेला. मनोहर कधी गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एकदाच दिसला त्यानंतर. मी अस्तराच्या कापडाचं पार्सल सोडवायला स्टेशनवर गेले होते. छोट्या लाइनची गाडी उभी होती, इंजिन पाणी घेत होतं. खिडकीपाशी मनोहर बसलेला. पट्टा नव्हता. मांडीवर तो पाट होता. समोरच्या बाकावर कुणी नव्हतं. माझी फूटपट्टी पिशवीतून डोकावत होती, म्हटलं मागावी, म्हणून मी पुढं झाले.

त्याचं लक्ष नव्हतं. उजव्या हाताचं बोट लाल बुचावर टेकलेलं. डाव्या हातात छत्रीची दांडी, आणि ती डावीकडं, पार मागं ओढलेली. तिथला खिळा उपटलेला होता. लाकडात नुसतं भोक राहिलं होतं. तो दांडी तशीच धरून, डोळे बारीक करून, समोरच्या रिकाम्या बाकाकडं बघत होता.

मग त्याला मी दिसले. त्यानं दांडी समोर केली.